वच्छलाबाईचे तेराशे ब्याण्णव रुपये

धामणगाव बढ्याच्या त्या गल्लीत घरं अकरा, बाहेरगावी कमावणारे लेक नऊ, आणि बँकेचं चालतं खातं एकच. ते मयुरी तायडेचं.

आता कुणी म्हणेल, असं कसं, आजकाल तर ज्याचं त्याचं खातं असतं. असतं ना. गल्लीतल्या बायांच्या ट्रंकेत पासबुकं होतीच. पण एकीचं खातं आधार जोडलं नाही म्हणून बंद पडलेलं, दुसरीच्या अंगठ्याच्या रेषा राखेनं भांडी घासून घासून इतक्या झिजल्या की मशीन तिला माणूसच मानत नाही, आणि तिसरीचा फोन लेक जाताना घेऊन गेला, तो त्यानं तिकडं पुण्याला विकूनही टाकला. मग चाकणचा, वाळूजचा, सुरतेचा लेक पगार झाला की मयुरीच्या नंबरवर पैसे टाकायचा आणि खाली लिहायचा, 'ताई, आईला दे.'

मयुरी वीस वर्षांची. बुलढाण्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला. बाप देवानंद गवंडी, काम मिळेल तिकडे, सध्या खामगावकडे. आई जनकाबाई मजुरीला जाते. सकाळच्या एसटीनं मोताळा करत, राजूरचा घाट चढून पोरगी बुलढाण्याला जायची, दुपारी स्टँडजवळच्या एटीएममधून ज्याचे त्याचे पैसे काढायची, एकेकाची वेगळी घडी करून रबर लावायची आणि संध्याकाळी घरोघर वाटायची. घेणं काही नाही. बाहेर हजाराला दहा रुपये पडतात, मयुरीकडं फुकट. फार तर कुणी मूठभर शेंगा हातावर ठेवायचं.

तिचा एक नियम होता, तो बापाकडून आलेला. देवानंद कुणाच्या घरचं उरलेलं पोतंभर सिमेंटसुद्धा आपल्या अंगणात रात्रभर ठेवून घेत नसे. परक्याची वस्तू दिवस मावळायच्या आत परक्याच्या घरी, असं त्याचं म्हणणं. मयुरीनं तेच खात्याला लावलं. लोकांचा पैसा रात्रभर आपल्या नावावर कशाला? त्यामुळे संध्याकाळ झाली की तिचं खातं झाडून लख्ख. मागे उरायचे वीस, पंचवीस रुपये, तिचे स्वतःचे. याचा तिला मोठा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान वाटावा असंच होतं ते. बँकेला मात्र तेवढंच खुपत होतं, हे तिला ऑक्टोबरपर्यंत कळलं नाही.

गल्लीत तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा कुणाचा, तर वच्छलाबाईचा. म्हातारी सत्तरीची, एकटी राहणारी. लेक धम्मरत्न चाकणला कंपनीत. महिन्याला पाच हजार पाठवायचा, त्यात तिचा किराणा, गोळ्या, विजेचं बिल सगळं भागायचं. मयुरीनं घडी दिली की वच्छलाबाई ती तशीच कमरेच्या पिशवीत टाकायची. मयुरी दर वेळी म्हणायची, "मोजून घे नं आजी."

"मोजाले डोये लागते," म्हातारी म्हणायची. "आन डोये तं म्या तुह्यापाशी ठेवले."

तीन वर्षं असं चाललं. मग तो शुक्रवार आला.

त्या दिवशी दुपारी मयुरी एटीएमसमोर उभी राहिली. धम्मरत्नचे पाच हजार सकाळीच आल्याचा मेसेज होता. तिनं पाच हजार मागितले; मशीन म्हणालं, पुरेसे पैसे नाहीत. तिनं पुन्हा मागितले. पुन्हा तेच. मागे उभा असलेला माणूस चुळबुळ करायला लागला, तेव्हा तिनं शिल्लक बघितली. तीन हजार सहाशे आठ.

बाजूला होऊन तिनं फोन उघडला आणि मेसेज मागे मागे सारत गेली. बँक दिवसाला सहा मेसेज पाठवायची, कर्ज घ्या, कार्ड घ्या, सणाची सूट घ्या. एवढ्या ढिगात कामाचा मेसेज सापडायचा कसा? पण होता. एक तारखेचा. कमीत कमी शिल्लक ठेवली नाही म्हणून जुलैचे चारशे बहात्तर, ऑगस्टचे चारशे बहात्तर, सप्टेंबरचे चारशे बहात्तर. एका दिवसात तीन महिन्यांचा दंड, एक हजार चारशे सोळा. खात्यात तेव्हा होते चोवीस रुपये. चोवीसमधून चौदाशे सोळा वजा केले तर काय राहतं? राहत काही नाही, उलट खातं खड्ड्यात जातं. उणे तेराशे ब्याण्णव. म्हणजे बँकेनं तिला न विचारता तिच्या नावावर उधारी मांडली आणि पहिला पैसा दारात दिसल्याबरोबर वसूल करून घेतली. तो पहिला पैसा वच्छलाबाईचा निघाला.

आपण मेसेज वाचला नाही, ही चूक मयुरीनं स्वतःशी कबूल केली. पण नुसतं कबूल करून पैसे परत येत नसतात. तिनं स्टँडवर बसून बँकेच्या नंबरवर फोन लावला. बावीस मिनिटं गाणं ऐकलं, एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा, आणि शेवटी फोन आपोआप कटला. तोवर गावची एसटी लागली. तिनं छत्तीसशे काढले, पर्समधले आपले आठ रुपये त्यात टाकले आणि रबर लावलं.

गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी नेमकं पाणी होतं, सोयाबीनच्या सोंगणीवरून, म्हणजे कापणीवरून आलेल्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या, आणि वच्छलाबाई आपल्या कळशीवर बसलेली. मयुरीला वाटलं, घरी जाऊन सांगावं. मग वाटलं, लपवायचं काय त्यात? आपण काय चोरी केली?

"आजी, धम्मरत्नदादानं पाच हजार धाडले," ती म्हणाली. "पन बँकेनं त्याच्यातले तेराशे ब्यान्नव कापून घेतले. माह्या खात्याले दंड होता. हे छत्तीसशे आठ हायेत. बाकीचे मी आनून देतो."

वच्छलाबाईनं घडी घेतली. रबर काढलं. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, नोटा डोळ्यांजवळ धरून मोजल्या. एकदा मोजल्या, मग अंगठ्याला थुंकी लावून परत मोजल्या. मग तिनं मयुरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे माय," ती अगदी मायेनं म्हणाली. "तुले काई काम पडलं असन. कॉलेजात सतरा खर्च असते, पोरीच्या जातीले मांगता येत नाई कोनाले. सवडीनं दे. नाई देल्ले तरी चालते."

कोकिळा म्हणून गल्लीच्या तोंडाशी राहणारी बाई आहे, तिच्या जिभेला हाड नाही. ती हंडा सरकवत म्हणाली, "बँक कापते म्हने. माह्या भावानं बी असंच सांगतलं होतं, मंग त्याच्या खिशातून नवा मोबाईल निंगाला." दोघीतिघी हसल्या.

म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या तर मयुरीला भांडता आलं असतं. चोर म्हटलं असतं तर पुरावा मागता आला असता. पण जिनं माफच करून टाकलं, तिच्याशी भांडायचं कसं? न केलेल्या चोरीची माफी घेऊन पोरगी घरी आली आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

जनकाबाईनं सगळं ऐकलं आणि उठून डाळीच्या डब्यातून सोंगणीच्या मजुरीचे पैसे काढले. "हे घे. देऊन टाक म्हातारीले आन मोकळी हो. तेराशे रुपयांसाठी नाव कायले खराब करते?"

"नाव खराब झालं, आई. आता आपन पैसे भरले तं पक्कंच होईन," मयुरी म्हणाली. "लोक म्हनतीन, पाय, खाल्ले होते, बोंब झाली तशी आनून देल्ले."

जनकाबाई हातात नोटा धरून थांबली. पोरीचं म्हणणं खरं होतं.

"मंग काय करतं?"

"ज्यानं घेतले त्यानंच द्यायचे. आन तिच्या डोयासमोर द्यायचे."

"बँक देते काय कोनाले परत?"

"पायतो नं मी, कशी नाई देत ते."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मयुरी बँकेत गेली. कोणती बँक ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांचे एसी सारखेच थंड. हे खातं तिनं उघडलं होतं ते कॉलेजात. निंबाखाली टेबल टाकून दोन टायवाले बसले होते, विद्यार्थ्यांना शिल्लक ठेवायची गरज नाही म्हणत होते आणि वर पाण्याची बाटली फुकट देत होते. बाटली महिनाभरात फुटली. खातं चाललं तीन वर्षं.

खिडकीमागच्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "मॅडम, तुमचं विद्यार्थी खातं जूनमध्ये साध्या खात्यात बदललंय. यंदाचं कॉलेजचं प्रमाणपत्र दिलं नाहीत तुम्ही. साध्या खात्यात महिन्याला सरासरी पाच हजार लागतात. तुमची सरासरी येते एकवीस रुपये."

"पण माझ्या खात्यात महिन्याला चाळीस हजार येतात," मयुरी म्हणाली. बँकेत ती पुस्तकातलं मराठी बोलायची. तिथं 'मले-तुले' केलं की माणसं ऐकायच्या आधीच हसतात, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"येतात आणि जातात. रात्री खात्यात काय उरलं, ते धरतात."

म्हणजे बघा. लोकांचा पैसा रात्रभर ठेवायचा नाही, या तिच्या इमानदारीचाच तिला दंड बसला होता. चाळीस हजार दाबून बसली असती तर बँकेनं तिला चहा पाजला असता.

"मला कळवलं का नाही?" तिनं विचारलं.

"कळवलं ना. ई-मेल गेलाय तुम्हाला."

"कोणत्या ई-मेलवर?"

पोरानं पडद्यावरून वाचलं. "अन्वर कॉम्प्युटर, सात आठ सहा..."

मयुरीनं पुढचं ऐकलंच नाही. तिला सगळं एकदम कळलं, आणि एवढ्या रागातही तिला हसू फुटलं.

धामणगावात अन्वरभाईंचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, रिचार्ज, आणि मुख्य म्हणजे ऑनलाइन फॉर्म. शिष्यवृत्ती, पीकविमा, पोलीस भरती, रेशनकार्ड, जे काय असेल ते अन्वरभाई भरून देतात. फॉर्ममध्ये ई-मेलचा रकाना आला की गिऱ्हाईक गप्प. शेतातून आलेल्या माणसानं ई-मेल कुठून आणायचा? मग अन्वरभाई स्वतःचाच टाकतात. एकदा टाकला, दोनदा टाकला, करता करता अख्ख्या गावाचा ई-मेल एकच झाला. मयुरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्मही तिथंच भरलेला. निंबाखालच्या टायवाल्यानं ई-मेल विचारला तेव्हा तिनं तोच सांगितला होता, पाठ होता म्हणून.

संध्याकाळी एसटीतून उतरली ती थेट दुकानात. "अन्वरभाई, माही एक चिठ्ठी तुमच्यापाशी ऱ्हायली."

अन्वरभाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अल्ला. बेटा, मी तं ते मेल खोलूनच पाहत नाई." त्यांनी खोलून दाखवलं. न वाचलेले चौदा हजार तीनशे. दोघंही त्या आकड्याकडं बघत राहिले. त्यात काय काय होतं म्हणता. कुणाचा निकाल, कुणाच्या विम्याला लागणारा कागद, आणि खालच्या आळीतल्या एका पोराला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं. ती मुलाखत दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेली. अन्वरभाईंचा चेहरा उतरला. भला माणूस, पाच पाच रुपयांत गावाची कामं करणारा. आपल्या पेटीत गावाचं टपाल कुजतंय, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चहा मागवला आणि मयुरीच्या बँकेचं नाव टाकून शोधायला बसले. अर्ध्या तासानं सापडलं. मयुरीनं ते दोनदा वाचलं. इंग्रजी जड होतं, पण तारीख जड नव्हती. सत्तावीस सप्टेंबर. आपल्या खात्यात शिल्लक कमी आहे, एका महिन्यात ती भरावी, नाहीतर शुल्क लागेल.

"भाई, महिना द्यायचा म्हनते," ती म्हणाली. "आन कापले कधी? एक तारखेले. सत्तावीस ते एक, किती दिवस झाले?"

"चार," अन्वरभाई म्हणाले, आणि त्यांची पाठ जरा ताठ झाली. "चार दिवस. आन तेबी मांगच्या तीन महिन्याचे. हे तं सरासर जबरदस्ती होय."

मग दोघांनी मिळून आणखी शोधलं. रिझर्व्ह बँकेचं एक पत्रक निघालं. त्यातली दोन वाक्यं मयुरीनं बोट ठेवून वाचली: शिल्लक कमी असेल तर ग्राहकाला आधी कळवून महिन्याची मुदत द्यायची, आणि नुसत्या या दंडापायी बचत खातं शून्याखाली न्यायचं नाही. अन्वरभाईंनी दोन्ही कागद छापून दिले. सवयीनं म्हणाले, "दहा रुपये," आणि लगेच जीभ चावली. "नको, नको. जा बेटा. आन आधी सोताचा ई-मेल काढून घे." तो तिथंच काढला.

आता राहिली वच्छलाबाई. सोमवारी संध्याकाळी मयुरी तिच्या दारात गेली.

"आजी, उद्या माह्यासंगं बुलढान्याले चाल."

"मी कायले वं? म्या तं म्हटलं नं, राहू दे."

"तू राहू दे म्हटलं म्हनूनच चाल."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. सकाळी ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून स्टँडवर मयुरीच्या आधी हजर होती. घाटात तिला मळमळलं. मयुरीनं पिशवीतून लिंबू काढून दिलं, कॉलेजातून काढून आणलेलं यंदाचं प्रमाणपत्र सांभाळून परत ठेवलं आणि दोन्ही कागद मांडीवर धरून बसली.

बँकेत तिनं खिडकीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ मॅनेजरच्या काचेच्या खोलीचं दार ढकललं. वच्छलाबाई तिच्या मागून आत गेली, खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "जय भीम साहेब."

साहेब चाळिशीचे, कुठल्या तरी मोठ्या शहरातून बदलून आलेले. त्यांनी नमस्कार केला, ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "हे सिस्टिमनं कापलेलं असतं. तरी तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर एका महिन्याचे परत देतो. चारशे बहात्तर. ठीक आहे?"

दुसरी कुणी असती तर उपकार मानून निघाली असती. मयुरी म्हणाली, "सर, चूक एका महिन्याची असती तर एका महिन्याचे घेतले असते." आणि तिनं पहिला कागद पुढं ठेवला. "ही तुमची नोटीस. तारीख बघा. हिच्यात मला महिना दिलाय. तुम्ही चार दिवसांत कापले." मग दुसरा ठेवला. "हा रिझर्व्ह बँकेचा नियम. खातं शून्याखाली न्यायचं नाही असं लिहिलंय. माझं उणे तेराशे ब्याण्णव झालं, हे माझं स्टेटमेंट. प्रमाणपत्र वेळेवर दिलं नाही ही माझी चूक. ते आज आणलंय."

साहेबांनी चष्मा लावला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, मग कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ काहीतरी बघितलं. हसू गेलं होतं.

"पण हे तुमच्या खात्यात एवढ्या लोकांचे पैसे का येतात?" ते म्हणाले. "हे बरं नाही. उद्या कुणी फसवणुकीचा पैसा टाकला तर खातं गोठेल, आणि अडकाल तुम्ही."

हे मात्र मयुरीला लागलं, कारण यात तथ्य होतं. "बरोबर आहे सर," ती म्हणाली. "बायांची खाती चालू करून द्या, मी एकेकीला घेऊन येते. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांचं काय करायचं तेवढं सांगा. ते पुढचं. आज यांचं बोला. जे कापले ते माझे नव्हतेच. यांचे होते. यांना सांगा, पैसे कुणी घेतले."

"म्हणजे?"

"म्हणजे, मी घेतले की तुम्ही घेतले, एवढंच यांना सांगा."

साहेबांनी वच्छलाबाईकडं बघितलं. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण नजर साहेबांवरून हलली नव्हती. साहेब जरा घोटाळले. मग पडद्याची मान तिच्याकडं वळवून, एका ओळीवर पेन ठेवून म्हणाले, "आजी, बँकेनं घेतले. यांनी नाही. आणि घ्यायला नको होते. आज परत करतो."

वच्छलाबाईचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती खिडकीबाहेरच्या रस्त्याकडं बघायला लागली.

तरी दीड तास लागला. कुणाची तरी मंजुरी, कुणाचा तरी फोन. दोघी बाकड्यावर बसल्या, मयुरीनं डबा सोडला, भाकरी आणि ठेचा; समोरच्या खिडकीतल्या पोराला ठेच्याचा वास जाऊन ठसका लागला. जेवण झालं आणि मेसेज आला. एक हजार चारशे सोळा जमा. मयुरीनं पैसे काढायची चिठ्ठी भरली, तेराशे ब्याण्णव. पोरगा म्हणाला, "मॅडम, चौदाशे करा ना, सुटे नाहीत." मयुरी म्हणाली, "वरचे आठ रुपये माझे आहेत, त्यांचे नाहीत." शेवटी कुणाच्या तरी डब्यातून दोनचं नाणं निघालं.

तिनं पैसे तिथंच म्हातारीपुढं धरले. वच्छलाबाईनं हात पुढं केला नाही.

"इथं नको," ती म्हणाली. "घरी चाल."

"काऊन?"

"चाल म्हटलं नं."

बँकेत जिंकलेली पोरगी एसटीत म्हातारीनं पैसे का घेतले नाहीत, याचाच विचार करत बसली. घाट उतरला, मोताळा गेलं, तेव्हा कुठं वच्छलाबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

मंगळवार, पाण्याचा दिवस. नळावर तीच रांग, तेच हंडे. मयुरी बाजूनं निघून जायला बघत होती, पण म्हातारीनं तिला मनगटाला धरून रांगेच्या ऐन मध्ये उभं केलं.

"आयका वं बायांनो," वच्छलाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण कोकिळानंसुद्धा नळ बंद केला. "शुक्रवारच्या दिवशी म्या इथं या पोरीले म्हटलं, तुले काम पडलं असन, राहू दे. मले वाटलं मी मोठी मायेची गोठ करून राह्यली. म्या तिले चोर म्हटलं. आज बँकेच्या साहेबानं माह्या तोंडावर सांगतलं का पैसे त्यानं घेतले होते, आन परत देल्ले. त्यानं त्याची चूक कबूल केली. म्या माही करतो. ज्या नळावर बोललो, त्याच नळावर."

मग तिनं मयुरीसमोर हात पसरला. मयुरीनं नोटा आणि वरचं दोनचं नाणं त्यावर ठेवलं.

वच्छलाबाईनं मूठ मिटली आणि पैसे तसेच कमरेच्या पिशवीत टाकले.

"आजी, मोजून तं घे," कोकिळा म्हणाली.

"कोनाचे मोजू वं?" म्हातारी म्हणाली. "मोजले होते एकदा. त्याचंच अजून जड वाटून राह्यलं." आणि तिनं रिकामी कळशी उचलून नळाखाली लावली.